तिथं बाई कोण गायची?

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस झुरिकला जाणं झालं. दुसऱ्या दिवशी मीटिंग लवकर आटोपली, हॉटेलवर जाऊन पडायचा कंटाळा आला म्हणून नदी ओलांडून जुन्या गावात शिरले आणि विचारत विचारत श्पीगेलगासे गाठली. चढाची अरुंद गल्ली, खाली दगड बसवलेले, नुकताच पाऊस पडून गेलेला त्यामुळे दगड चकचकीत झालेले, आणि कोपऱ्यावरच ते घर, नंबर १. कॉलेजात असल्यापासून या पत्त्याबद्दल वाचत आले होते, तरी घर मात्र अगदी साधं निघालं, म्हणजे पाटी नसती तर मी सरळ पुढे गेले असते. ५ फेब्रुवारी १९१६ ला या घरात कॅबरे व्होल्तेर उघडलं आणि दादावादाची, म्हणजे कलेतल्या एका बंडखोर चळवळीची, स्थापना झाली, अशा अर्थाचं काहीतरी त्या पाटीवर आहे. मी दाराचा आणि पाटीचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. चुलतभावाने लगेच विचारलं, कुठला दादा? मामीने नुसतं 'कॅबरे??' एवढं लिहून पुढे काहीच लिहिलं नाही, आणि ते दोन प्रश्नचिन्हांचं 'कॅबरे' बराच वेळ ग्रुपवर तसंच पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी आवरत असतानाच, आत्याचा फोन आला. ती ग्रुपवर काही लिहीत नाही, फक्त वाचते. तब्येतपाणी झालं, थंडी किती आहे ते झालं, आणि मग तिने विचारलं, ''ते कॅबरे म्हणतेस ना, तिथं बाई कोण गायची गं?''

मी सुरू झाले. पहिलं महायुद्ध चालू होतं, ह्युगो बॉल नावाचा जर्मन कवी, मग त्रिस्तान त्झारा, मग मार्सेल यांको, हान्स आर्प, ह्युल्सेनबेक, ही सगळी तरुण पोरं, युद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये आलेली, मग त्यांनी कशा अर्थ नसलेल्या कविता म्हटल्या, बॉलने पुठ्ठ्याचा पोशाख घालून काय केलं, दहा मिनिटं मी बोलत होते. आत्या ऐकत होती, मधे 'हं' म्हणत होती. मी थांबल्यावर तिने परत तेच विचारलं. तेव्हा मी म्हणाले, हो, होती एक, एमी हेनिंग्ज नावाची, बॉलची बायको. त्यावर आत्या म्हणाली, ''बायको म्हणजे घरी असेल ती. मी विचारतेय गायचं कोण.''

फोन ठेवल्यावर ब्रश करताना लक्षात आलं की मी चुकीचंच सांगितलं. १९१६ साली एमी बॉलची बायको नव्हतीच, त्यांचं लग्न झालं १९२० मध्ये. आणि गायची तीच, रोज, त्या जागी सगळ्यात जास्त वेळ स्टेजवर तीच असायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलेलं होतं सगळं. तरी विचारल्याबरोबर तोंडात आधी पाच पुरुषांची नावं आली आणि बाईची ओळख मी एका पुरुषावरून करून दिली, तीसुद्धा अशा नात्याने जे त्या साली नव्हतंच. विमानात, घरी आल्यावर, पुढचे कितीतरी दिवस हे मला टोचत राहिलं.

आत्याने हे का विचारलं ते मला माहीत आहे, घरात सगळ्यांनाच माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. आत्या १९७५ च्या आसपास तीन-चार वर्षं ऑर्केस्ट्रात गायची. आधी गणपतीत, चाळीच्या मंडपात, मग वाद्यवृंदाबरोबर गावोगाव, आणि एक हिवाळाभर फोर्टातल्या एका हॉटेलात, जिथं माणसं जेवत असतात आणि कोपऱ्यात बाई गात असते. हँडबिलावर तिचं खरं नाव नसायचं, आजोबांनी तेवढीच अट घातली होती. हॉटेलातलं गाणं त्यांना कळलं तेव्हा आजोबांनी एकच शब्द वापरला, कॅबरे. तिथं नाच नव्हता, काही नव्हतं, आत्या साडी नेसून उभी राहून गायची, पण त्या काळात आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ पिक्चरमधला कॅबरे एवढाच होता आणि तो शब्द घरात उच्चारला गेला म्हणजे विषय संपला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी लहान असताना ती भाजी निवडताना गुणगुणायची, त्यात एक गोष्ट मला फार आवडायची, ती कडव्याच्या आधी म्युझिकचा तुकडासुद्धा तोंडाने म्हणायची, व्हायोलिनचा वेगळा, अकॉर्डियनचा वेगळा, आणि बरोब्बर जागेवर शब्दांना यायची. रात्री उशिरापर्यंत, लोक प्लेटा वाजवत असताना, तालात राहायची सवय होती ती.

म्हणून मी परत सगळं वाचायला घेतलं, या वेळी तिचा प्रश्न हातात धरून.

एमीचा जन्म १८८५ चा, जर्मनीच्या अगदी उत्तर टोकाला, फ्लेन्सबुर्गला, बाप दर्यावर्दी. मोलकरणीचं काम केलं, मग एका टायपसेटरशी लग्न, एक मूल गेलं, नवरा सोडून गेला, दुसरी मुलगी झाली तिला आईकडे ठेवून ही फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघाली. पुढची दहा वर्षं म्हणजे गावोगावचे रंगमंच, रात्रीचे कॅफे, बर्लिन, म्युनिक, मधे मॉर्फिनचं व्यसन, मधे तुरुंग. कविताही लिहायची, १९१३ मध्ये तिचा छोटा संग्रह आला होता. त्याच वर्षी म्युनिकच्या 'सिम्प्लिसिसिमुस' नावाच्या कलाकारांच्या अड्ड्यावर ती गात होती तिथं बॉल तिला भेटला. तो तिच्याहून वर्षाने लहान, नाटकातला, तत्त्वज्ञान शिकलेला, अत्यंत गंभीर माणूस. युद्ध सुरू झाल्यावर तो आधी भरती व्हायला गेला होता, हे सांगायला हवं, कारण आपण या लोकांना पहिल्या दिवसापासून युद्धविरोधी समजतो. तब्येतीमुळे त्याला नाकारलं. मग तो स्वतःच आघाडीच्या बाजूला जाऊन आला, युद्ध काय असतं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन.

१९१५ च्या मे महिन्यात दोघं झुरिकला आले तेव्हा त्यांच्याकडे काहीही नव्हतं. बॉल खोट्या नावाने राहत होता, पोलिसांनी पकडून काही दिवस आत टाकलं. नाटकाच्या मोठ्या गप्पा मारणारा हा माणूस मग एका फिरत्या व्हरायटी शोमध्ये पियानो वाजवायला लागला, जिथं आग गिळणारे असायचे, कसरतवाले असायचे, आणि एमी तिथं गायची. या महिन्यांवर कलेच्या इतिहासाची पुस्तकं फार रेंगाळत नाहीत, लगेच ५ फेब्रुवारीवर जातात. मला मात्र हेच महिने सगळ्यात महत्त्वाचे वाटायला लागलेत, कारण बॉलने रात्रीच्या धंद्याचं सगळं शिक्षण इथं घेतलं. कुठल्या गाण्यावर लोक ग्लास खाली ठेवतात, किती वेळ गंभीर चालतं, केव्हा काहीतरी धाडकन वाजवावं लागतं. आणि एमीला तर ते आधीच येत होतं, तिची निम्मी जिंदगी त्यातच गेली होती.

नीडरडॉर्फ म्हणजे तेव्हाचा झुरिकचा रात्रीचा भाग, दारूचे गुत्ते, स्वस्त खोल्या, विद्यार्थी. श्पीगेलगासेच्या कोपऱ्यावर यान एफ्राइम नावाचा एक म्हातारा डच माणूस खाणावळ चालवायचा, आधी खलाशी होता. त्याच्या मागच्या खोलीत एक छोटं स्टेज, एक पियानो, पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसतील एवढी जागा. बॉल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, इथं आम्ही कार्यक्रम करतो, तुमची बियर आणि सॉसेज जास्त खपतील. सौदा एवढाच. विसाव्या शतकातली सगळ्यात बंडखोर म्हणवली जाणारी चळवळ बियरच्या खपावर उभी राहिली, आणि हे मी तिला कमीपणा आणायला सांगत नाही. ज्यांना संध्याकाळी जेवायचं होतं अशा माणसांनी ती केली, यामुळे ती मला जास्त जवळची वाटते.

उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला अजून खिळे ठोकणं चालू होतं, पोस्टरं लागत होती. बॉलच्या डायरीत लिहिलंय, की तेवढ्यात चार ठेंगणे गृहस्थ काखेत चित्रांची बाडं घेऊन दारात आले, वाकून वाकून नमस्कार करत. त्यात यांको होता, त्याचा भाऊ होता, आणि त्झारा, सगळे रुमानियाहून शिकायला आलेले. आर्पही होता तिथं. त्याच रात्री त्झाराने कोटाच्या खिशांतून जुन्या धाटणीच्या कविता काढून वाचल्या. त्झारा तेव्हा विशीतही नव्हता, एकोणीस वर्षांचा पोरगा. जागा गच्च भरली, कित्येकांना बसायला मिळालं नाही. बालालायका वाजवणारा रशियन ताफा होता. एमी आणि आणखी एक गायिका, दोघींनी फ्रेंच आणि डॅनिश गाणी म्हटली. म्हणजे पहिल्याच रात्री, आत्या विचारत होती ते, बाया गात होत्या, आणि युरोपात तोफा चालू असताना जर्मन बाईच्या तोंडी फ्रेंच गाणं होतं.

आजूबाजूला काय चाललं होतं ते आठवून पाहा. उद्घाटनानंतर सोळाव्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, फ्रेंच आणि जर्मन सैन्यांमधली व्हर्दनची लढाई सुरू झाली, ती डिसेंबरपर्यंत संपली नाही आणि त्यात दोन्हीकडची मिळून तीन लाखांच्या आसपास माणसं मेली. स्वित्झर्लंडच्या चारी बाजूंना लढणारे देश. बॉलने लिहिलंय की हा देश म्हणजे डरकाळ्या फोडणाऱ्या सिंहांच्या मधोमध टांगलेला पक्ष्याचा पिंजरा. आणि गंमत म्हणजे त्याच गल्लीत, थोडं वर चढून गेलं की नंबर १४, तिथं एका चांभाराच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन त्याच फेब्रुवारीत लेनिन आणि क्रुपस्काया हे रशियन क्रांतिकारक जोडपं राहायला आलं. क्रुपस्कायाने लिहून ठेवलंय की मागच्या अंगणात सॉसेजचा कारखाना होता आणि त्याच्या असह्य वासामुळे दिवसा खिडकी उघडता यायची नाही. मी त्या घरासमोरही उभी राहिले. आता वास वगैरे काही नाही. पण वर एक माणूस खिडकी बंद करून जग उलथवायचे बेत लिहितोय आणि खाली कोपऱ्यावर कोणीतरी ढोल बडवतंय, गल्ली इतकी लहान आहे की हे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळल्याशिवाय राहिले नसतील.

ढोल ह्युल्सेनबेकचा. तो बर्लिनहून आला ११ फेब्रुवारीला आणि आल्या आल्या त्याचं म्हणणं, ताल वाढवा, सगळं साहित्य ढोलाने बडवून जमिनीत घाला. तो आफ्रिकी म्हणून काहीतरी स्वतःच रचलेलं म्हणायचा आणि प्रत्येक कडव्याला 'उंबा उंबा' जोडायचा. ते ऐकून एफ्राइमने, ज्याने खलाशी म्हणून दुनिया पाहिली होती, त्याला बाजूला घेऊन सांगितलं की असं नसतं ते, आणि स्वतः ऐकलेलं काहीतरी शिकवलं. मला हा एफ्राइम फार आवडतो. सगळ्या खोलीत खऱ्या समुद्रावर जाऊन आलेला तो एकटा.

पण रोज रात्री कार्यक्रम करायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. आत्याकडून ऐकलंय मी, की वीस गाणी येत असतील तर पहिल्या आठवड्यात राणी असता, तिसऱ्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक परत येऊन बसलेलं असतं आणि त्याला नवीन हवं असतं. बॉलच्या डायरीत मार्चच्या सुरुवातीला नेमकं हेच आहे. तो म्हणतो की लोकांची करमणूक करायची या धडपडीमुळे आम्हाला सतत ताजं, नवीन, भाबडं राहावं लागतंय, प्रेक्षकांच्या अपेक्षांशी ही शर्यत आहे. एक रशियन रात्र, एक फ्रेंच रात्र. मार्चच्या शेवटी त्झारा, यांको आणि ह्युल्सेनबेक एकाच वेळी तीन भाषांत एकच कविता म्हणायला उभे राहिले, भाड्याने घर शोधणाऱ्या एका अॅडमिरलची, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी, शिट्ट्या आणि ढोलासकट, कुणाचंच काही समजत नाही. ज्या तीन देशांची पोरं खंदकांत एकमेकांना मारत होती त्यांच्या भाषा एका टेबलाएवढ्या स्टेजवर एकमेकांवर ओरडत होत्या. हे अवांगार्द, म्हणजे काळाच्या पुढची कला, वगैरे म्हणून आपण वाचतो तेव्हा वाटतं कुणीतरी विचार करकरून जाहीरनामा लिहिला आणि मग त्याप्रमाणे केलं. उलटं आहे. आधी रात्र भरायची होती. जाहीरनामा बॉलने वाचला १४ जुलैला, दुसऱ्या हॉलमध्ये, तोपर्यंत हे मागच्या खोलीतलं कॅबरे बंद पडलं होतं. पाच महिने चाललं फक्त.

आणि 'दादा' हा शब्दही मधेच कधीतरी एप्रिलमध्ये सापडला. रुमानियन भाषेत दा दा म्हणजे हो हो, फ्रेंचमध्ये लहान मुलांचा लाकडी घोडा. चुलतभावाला मी हे कळवलं. नंतर कित्येक वर्षं ही मंडळी भांडत राहिली, शब्द मी शोधला, मी शोधला म्हणून. एमी त्या भांडणात कुठेच नाही.

मार्चच्या मध्यावर बॉल लिहितो, कॅबरेला विश्रांती हवी आहे, रोजच्या प्रयोगांनी माणूस नुसता थकत नाही, मोडून पडतो, गर्दीत मध्येच माझं अंग थरथरायला लागतं. हे वाचून मी आत्याला फोन केला होता. ती म्हणाली, ''थरथर नाही, माझा घसा बसायचा. मिठाच्या गुळण्या करून परत उभं राहायचं. बॉलला बसायला पियानो तरी होता.''

मे महिन्यात झुरिकच्या एका वर्तमानपत्रात कॅबरेवर लिहून आलं, बॉलने ते डायरीत उतरवून घेतलंय. त्यात स्पष्ट म्हटलंय की या कॅबरेची तारका म्हणजे एमी हेनिंग्ज. पुढे लिहिलंय की काही वर्षांपूर्वी ती बर्लिनच्या एका कॅबरेत पिवळ्या पडद्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, फुललेल्या झुडपासारखी, आज तेच गाणं तशीच धिटाईने म्हणते, दुःखाने शरीर जरासं झिजलेलं. हे मी तीन-चार वेळा वाचलं. प्रेमाने लिहिलंय, त्यात शंका नाही. तरी एकतीस वर्षांच्या बाईवर लिहिताना त्या बातमीदाराला तिच्या शरीराची झीज मोजावीशी वाटली, याने आत कुठेतरी खुपतं. सगळ्या शहराला तेव्हा उघड दिसत होतं की लोक कुणाला बघायला येतात. आणि त्याच लोकांच्या आठवणींची पुस्तकं पुढे आली तेव्हा ती झाली बॉलची मैत्रीण, बारीक आवाजाची, पांढऱ्या चेहऱ्याची. मीही तेच केलं ना. मीही म्हणाले, बॉलची बायको.

दादावाल्यांबरोबर नाचणाऱ्या सोफी टॉयबरचंही आठवलं. ती त्याच वर्षी झुरिकच्या कलाशाळेत कापडकाम शिकवायला लागली होती. तिथल्या वरिष्ठांना दादावाल्यांचं हे प्रकरण पसंत नव्हतं, म्हणून नाचताना ती मुखवटा घालायची आणि नाव बदलायची. यांकोने पुठ्ठ्याचे, दोऱ्याचे, रंग फासलेले मुखवटे केले होते, ते चढवल्याबरोबर माणसाचं अंग आपोआप वेगळंच हलायला लागायचं असं बॉल लिहितो. पुढे, काही वर्षांपूर्वीपर्यंत, ५० फ्रँकच्या नोटेवर तिचाच चेहरा होता, मुखवट्याशिवाय. हँडबिलावरचं आत्याचं खोटं नाव मला अजूनही माहीत नाही. एकदा विचारलं होतं, ती हसून दुसरंच काहीतरी बोलली.

आता बॉलच्या त्या रात्रीबद्दल, कारण ती टाळून चालणार नाही आणि मला ती टाळायचीही नाही. २३ जून १९१६. पायांना निळ्या चकचकीत पुठ्ठ्याची नळकांडी, कमरेपर्यंत, त्यावर पुठ्ठ्याचा मोठा अंगरखा, आतून लाल, बाहेरून सोनेरी, डोक्यावर निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची उंच टोपी. चालता येत नव्हतं म्हणून अंधारात उचलून स्टेजवर आणला. तीन बाजूंना तीन स्टँड, त्यावर कागद, आणि त्याने सुरू केलं, गाजी बेरी बिंबा. एकही शब्द कुठल्याच भाषेतला नाही. वर्तमानपत्रांनी, भाषणांनी, युद्धाच्या घोषणांनी नासवलेली भाषाच नको, म्हणून नुसते आवाज. तो लिहितो की पोशाख विनोदी होता आणि मला भीती वाटत होती की गांभीर्य टिकणार नाही, मग आवाज जड होत गेला, आणि आता शेवट कसा करायचा हे न कळून माझा आवाज आपोआप चर्चमधल्या पाद्र्यांच्या विलापाच्या सुरात गेला. त्या टोपीखाली त्याला एका दहा वर्षांच्या पोराचा चेहरा दिसल्यासारखा झाला, गावच्या चर्चमध्ये घाबरून, भान हरपून पाद्र्याच्या शब्दांना लटकलेला. मग दिवे गेले, घामाने थबथबलेल्या त्याला उचलून खाली आणलं.

पहिल्यांदा ते ध्वनिकाव्य कुणीतरी म्हटलेलं ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, मग एकदम अडम तडम तडतड बाजा आठवलं आणि हसू थांबलं. राज्य कुणावर आलं हे ठरवायला आम्ही म्हणायचो, त्यातल्या निम्म्या शब्दांना अर्थ नाही, पण अंगठ्यापासून बोटावर येईपर्यंत पोटात गोळा यायचा. अर्थ नसलेल्या शब्दांत भीती मावते, हे लहानपणी सगळ्यांना माहीत असतं. बॉल त्या रात्री तिथंच जाऊन पोचला असं मला वाटतं. त्यानंतर त्याने फार काळ हे केलं नाही. वर्षभरातच तो दादापासून दूर झाला, पुढे धर्माकडे गेला, आणि १९२७ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, पोटाच्या कॅन्सरने वारला. एमी १९४८ पर्यंत जगली, गरिबीत, लिहीत. दक्षिण स्वित्झर्लंडच्या एका खेड्यातल्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

पण आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलंच होतं. बाई कोण गायची ते सांगता येत होतं, काय गायची ते राहिलं होतं. लोकगीतं, डॅनिश गाणी, रस्त्यावरची गाणी, आणि एक गाणं असं, की जे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले. शब्द बॉलचे, नाव 'मरणाचा नाच', पियानोवर बॉल, गाणारी एमी. चाल नवीन नाही, जुन्या जर्मन लष्करी मार्चची, 'असे जगतो आम्ही, असे जगतो आम्ही रोज' अशी पिण्याच्या बैठकीत सैनिक ठेका धरून म्हणायचे ती. जर्मन बोलणाऱ्या प्रत्येकाला पाठ. बॉलने फक्त जगतोच्या जागी मरतो घातलं. असे मरतो आम्ही, असे मरतो आम्ही, रोज रोज मरतो, कारण मरायला इथं किती निवांत वाटतं. सकाळी अजून झोपेत, स्वप्नात, दुपारी गेलेला, संध्याकाळी थडग्याच्या पार तळाशी. पुढे कैसरचे, म्हणजे जर्मन सम्राटाचे, आभार मानलेत, मरायला आमची निवड केलीत म्हणून.

परवा रविवारी आत्याकडे गेले. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खिडकीपाशी त्या उंच खुर्चीत बसते. मी आधी चूक कबूल केली, की बायको नव्हती ती, तीच गाणारी होती, तिच्यावरच चालायचं सगळं. आत्या 'मला वाटलंच' म्हणाली. मग मी शब्द मराठीत सांगितले आणि फोनवर नुसता मार्च लावला, बँडवर वाजवलेला, एमीचा आवाज नाहीये त्यात. आत्याने डोळे मिटले. दुसऱ्या ओळीपासून तिची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली, आणि मग तिने तो बँडचा तुकडा तोंडाने धरला, ट्रंपेटचा, जसा ती भाजी निवडताना धरायची तसा. संपल्यावर म्हणाली परत लाव. परत लावला.

''हे लोकांनी उचललं असणार,'' ती म्हणाली. ''चाल पाठ आहे ना त्यांना. दुसऱ्या ओळीला सगळं हॉटेल तिच्याबरोबर म्हणायला लागलं असणार, टेबलं वाजवत. तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं असेल काय म्हटलं ते.''

मी म्हटलं, आणि मग?

''मग काय, ती थांबली नसणार. तिथं थांबायचं नसतं. ते गप्प झाले तरी आपण पुढचं कडवं घ्यायचं.''

तिने परत फोनकडे बोट केलं. मी मार्च पहिल्यापासून लावला, आणि या वेळी ती मधल्या तुकड्यानंतर बरोब्बर जागेवर आली, मी नुकतेच सांगितलेले शब्द घेऊन, असे मरतो आम्ही, बारीक आवाजात, मराठीत.